एकचकती ठराव

सायकल मंडळाच्या वार्षिक सभेत, अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस सभासदांच्या उपस्थितीत, पुढील ठराव एकमताने मंजूर झाला: प्रत्येक सभासदाच्या सायकलीला पुढच्या बाजूस दोनऐवजी एकच दातेरी चकती असेल, लहान चकती अतिरिक्त समजून काढण्यात येईल व मंडळाकडे जमा करण्यात येईल. ठराव अध्यक्षांनी मांडला, चिटणिसांनी अनुमोदन दिलं आणि बाकीच्यांनी चहा निवत होता म्हणून हात वर केले.

ज्यांची सायकल फक्त दुधापर्यंत जाते त्यांच्यासाठी सांगायला हवं, की शर्यतीच्या सायकलीला पायाशी दोन चकत्या असतात. मोठी सपाटीवर पळायला, लहान चढ चढायला. ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालू होती आणि तिच्याविरुद्ध कुणाची काही तक्रार नव्हती, हाच तिचा दोष ठरला. अध्यक्षांनी महिन्यापूर्वी नवी सायकल घेतली होती. तिला पुढे एकच चकती होती. अध्यक्ष पेशाने दंतवैद्य, तोंड वासून बसलेल्या माणसांशी बोलण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे उलट उत्तर ऐकायची त्यांना सवय नव्हती.

"दोन चकत्या म्हणजे दोन मनं," ते म्हणाले. "सारखा विचार करायचा, ही की ती. आता जगात सगळीकडे एकच चालतंय."

शंका फक्त ग्रंथपालांना आली. ते सरकारी वाचनालयात कामाला, वय बावन्न, गुडघे त्याहून थोडे वडील.

"डॉक्टर, तुमच्या सायकलीला मागे ताटाएवढी चकती आहे. चढावर तुम्हाला ती सांभाळून घेते. आमच्या मागे तसलं काही नाही."

उत्तर चिटणिसांनी दिलं. ते नोंदणी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्ती त्यांना अजून मान्य नव्हती. "ठराव पुढच्या बाजूपुरता मर्यादित आहे. मागची बाजू विषयपत्रिकेवर नाही."

ग्रंथपालांचं समाधान झालं. कागदावर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलू नये, हे त्यांना पटत असे.

ठरावाला एक पोटकलमही होतं. दर रविवारी मंडळ टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जात असे. जो सभासद लागोपाठ तीन रविवार पंचेचाळीस मिनिटांत, सायकलीवर बसून, टाकीशी पोहोचणार नाही, तो यापुढे हितचिंतक सभासद गणला जाईल. हितचिंतकाने पायथ्याशी थांबून इतरांच्या पिशव्या सांभाळायच्या होत्या.

इथे मात्र ग्रंथपाल धास्तावले. माणूस आठवड्याचे सहा दिवस कुजबुजत जगत होता. 'हळू बोला' ही पाटी त्यांच्याच डोक्यावर टांगलेली होती आणि ती ते घरीही पाळत. रविवारी टाकीच्या कट्ट्यावर मात्र धापा टाकत बसलेली मंडळी एकमेकांची टर उडवत, मोठमोठ्याने हसत, आणि त्यात सगळ्यात मोठं हसू ग्रंथपालांचं असे. तो एक तास गेला असता तर त्यांच्या आयुष्यात आवाजच उरला नसता.

तरीही त्यांनी त्याच संध्याकाळी लहान चकती काढली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, सभेत हात वर केलात तेव्हा गुडघ्यांना विचारलं होतंत का?"

"एकमताने झालाय ठराव."

"मग चढताना ते एकमत ढकलेल मागून," ती म्हणाली आणि आत गेली.

मंडळाला स्वतःचं कपाट नव्हतं, म्हणून जमा चकत्या वाचनालयात ठेवायचं ठरलं. ग्रंथपालांनी काम चोख केलं. प्रत्येक चकतीला दाखल क्रमांक दिला, चिठ्ठी डकवली, नोंदवहीत 'चकती, लहान, दाते चौतीस, किंचित गंजलेली' असं वर्णन लिहिलं. सत्तावीस चकत्या आल्या. अध्यक्षांच्या सायकलीला मुळात एकच असल्यामुळे त्यांना त्यागाची संधी मिळाली नाही, याचं त्यांनी जाहीर दुःख व्यक्त केलं.

पहिल्या रविवारी अध्यक्ष वगळता सगळे चालत वर गेले. मोठ्या चकतीवर तो चढ चढणं म्हणजे कपाट पाठीवर घेऊन जिना चढण्यासारखं होतं. टाकीशी कुणी हसलं नाही, कारण त्यासाठी श्वास लागतो. चिटणिसांनी इतिवृत्तात लिहिलं, 'सभासदांनी चढाचे पायी निरीक्षण केले', आणि हा रविवार मोजणीतून वगळला.

सोमवारी वाचनालयात गणिताचे सर आले. इकडेतिकडे बघत म्हणाले, "माझी ती चकती जरा मिळेल का? वर्गात परीघ शिकवायचाय."

ग्रंथपालांना आनंद झाला. संग्रहाचा उपयोग व्हावा, हीच त्यांची इच्छा. त्यांनी सात दिवसांच्या मुदतीवर चकती दिली आणि सही घेतली. दुपारी बेकरीवाला आला. त्याला बिस्किटांना नक्षीदार कड पाडायची होती. शिंप्याला गोल गळा बेतायचा होता. चिटणिसांना दप्तरी नमुना हवा होता. शनिवारपर्यंत सव्वीस चकत्या बाहेर गेल्या. कपाटात एकच उरली, ग्रंथपालांची स्वतःची. एका आठवड्यात इतकी मागणी एखाद्या कादंबरीलाही आली नव्हती, असं त्यांनी वरिष्ठांना कौतुकाने कळवलं.

दुसऱ्या रविवारी अध्यक्ष आणि ग्रंथपाल सोडून सगळ्यांच्या सायकलींवर, पायाशी, काळं गोल झाकण दिसलं.

"हे काय?" ग्रंथपालांनी विचारलं.

"धुळीसाठी," बेकरीवाला म्हणाला.

टेकडी सुरू होते त्या वळणावर मंडळींना एकदम खोकला आला. सव्वीस माणसं एकाच वेळी इतक्या जोरात खोकली की सायकलींतून आलेली साखळी सरकल्याची खटाखट नीट ऐकूच गेली नाही. मग सगळे आरामात पाय मारत वर निघून गेले. ग्रंथपाल चालत राहिले. मित्रांच्या तब्येतीची त्यांना मनापासून काळजी वाटली आणि संध्याकाळी त्यांनी मंडळासाठी खोकल्याच्या गोळ्या आणल्या.

मग ते मिस्त्रीकडे गेले. गावातल्या सगळ्या सायकली त्याच्याच हाताखालून जात. "मलाही ते झाकण बसवून द्या."

मिस्त्रीने दुकानाचं दार लोटून घेतलं. "आणलीय?"

"काय?"

"आत बसवायची."

"आत काही नाही बसवायचं. धूळ जाऊ नये म्हणून हवंय."

आठवडाभरात मिस्त्रीने सव्वीस झाकणं बनवली होती. प्रत्येकाने 'फक्त माझंच आहे, कुठे बोलू नका' असं बजावलं होतं आणि मिस्त्री शब्दाला पक्का होता. रिकामं झाकण मागणारा हा पहिला.

"धूळ अजिबात जाणार नाही," मिस्त्री म्हणाला, आणि पैसे घ्यायला त्याचा हात पुढे होईना.

तिसऱ्या रविवारी ग्रंथपाल झाकण लावून चालत वर पोहोचले. आता मात्र सभासद अस्वस्थ झाले. झाकण असूनही हा माणूस चालतो, म्हणजे याची तब्येत फारच ढासळलेली असणार. शिंप्याने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंत का? आपल्या नव्हे, खऱ्या."

चौथ्या रविवारी तिसऱ्यांदा मुदत हुकली आणि नियमाप्रमाणे सभा बोलावण्यात आली. विषय एकच, ग्रंथपालांना हितचिंतक करणे. ग्रंथपाल नोंदवही घेऊन आले होते.

"माझं काय करायचं ते करा," ते उभे राहून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर टाकीचा कट्टा होता. "पण हितचिंतकाला सभेत बोलता येत नाही, म्हणून आधी एक काम उरकतो. चकत्यांची मुदत संपून दोन आठवडे होत आले. नावं वाचतो. गणिताचे सर, परिघासाठी. बेकरीवाले, बिस्किटांसाठी. चिटणीस, दप्तरी नमुना."

ते अगदी शांतपणे, क्रमांकासह, सव्वीसच्या सव्वीस नावं वाचत गेले. त्यांच्या मनात काहीच नव्हतं. उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांची यादी ते दर महिन्याला अशीच वाचत. पण प्रत्येकाला मनातून ठाऊक असलेली गोष्ट पहिल्यांदाच मोठ्याने वाचली जात होती, आणि हॉलमध्ये वाचनालयाहूनही जास्त शांतता पसरली. यादी संपेपर्यंत चकत्या झाकणांखाली आहेत हे ग्रंथपालांनाही कळलं. त्यांनी वही मिटली आणि खाली बसले.

चिटणीस उठले. हेडक्लार्क उगाच झाले नव्हते. "चकत्या अभ्यासार्थ दिल्या गेल्या असून अभ्यास अद्याप चालू आहे. सबब मुदतवाढ देण्यात येते. तसेच चकती म्हणजे बाहेरून दिसणारी चकती, असा खुलासा करण्यात येतो. झाकण सक्तीचे राहील."

अध्यक्षांचे डोळे भरून आले. एकचकती तत्त्व अजून जिवंत होतं. "आणि ग्रंथपालांनी ते प्रामाणिकपणे पाळलंय," ते म्हणाले. "असा माणूस हितचिंतक कसा? मी त्यांना आदर्श सभासद करावं असं सुचवतो."

टाळ्या कडाडल्या, मानपत्र लिहिलं गेलं. आदर्श सभासदाचं कर्तव्य असं ठरलं, की त्याने दर रविवारी आपली एकचकती सायकल घेऊन पायथ्याशी उभं राहायचं, म्हणजे नव्या लोकांना ती पाहता येईल. पिशव्या तिथेच ठेवल्या जातील.

घरी बायकोने मानपत्र वाचलं. "पिशव्या सांभाळायच्या त्या सांभाळायच्याच ना?" तिने विचारलं.

ग्रंथपाल रात्रभर नीट झोपले नाहीत. सकाळी त्यांनी कपाटातली चकती रीतसर स्वतःच्या नावावर घेतली आणि मिस्त्रीच्या दुकानात नेली. "बसवा. आणि झाकण काढा."

"झाकण काढू?" मिस्त्रीने दोनदा विचारलं.

त्या रविवारी ग्रंथपाल पायथ्याशी उभे न राहता दोन्ही चकत्या उन्हात चमकवत सदतीस मिनिटांत टाकीशी पोहोचले. छाती फुलून आली होती. कट्ट्यावर बसत त्यांनी बेकरीवाल्याच्या नव्या चड्डीवर एक फर्मास टोमणा मारला आणि स्वतःच खदाखदा हसले. बाकी कुणी हसलं नाही. सगळे त्यांच्या सायकलीकडे बघत होते, घरात पाहुणे असताना कुणी दाराआडचा पसारा ओढून बाहेर आणावा तसे.

"तुमचं चुकलं काय, सांगू?" शिंपी हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कळवळाच होता. "ते दिसतंय."

त्याच्या पुढच्या रविवारी ग्रंथपालांनी झाकण लावलं, आणि पायथ्याशी उभं राहण्याचा विषय कुणी काढला नाही. वळणावर त्यांनाही खोकला आला. वर टोमणे झाले, टाळ्या झाल्या, आणि त्यांचं हसू पुन्हा टेकडीच्या खालपर्यंत ऐकू गेलं. इतके सुखी ते कित्येक दिवसांत झाले नव्हते, हे कबूल करायला हवं.

महिन्याभराने मंडळात एक नवी सभासद आली. दवाखान्यात नर्स, तिशीची, शिस्तीची. तिने ठराव वाचला आणि त्याच दिवशी आपली लहान चकती वाचनालयात जमा केली. रविवारी ग्रंथपाल वर निघाले असताना ती अर्ध्या चढावर सायकल हातात धरून उभी होती.

"काका, तुम्ही सगळे एका चकतीवर चढता तरी कसे हो? माझे पाय लटपटायला लागले."

ग्रंथपाल थांबले. तिची चकती कोणत्या खणात आहे, हे त्यांना पाठ होतं. वरून कुणाच्या तरी हसण्याचा मोठा लोट आला.

"होते सवय हळूहळू," ते मायेने म्हणाले आणि निघून गेले.

ग्रंथपालांचा तुम्हाला राग आला असणार, आणि कुणीतरी त्या मुलीला खरं सांगायला हवं असंही वाटत असणार. अगदी बरोबर. रविवारी सकाळी साडेसहाला ती पायथ्याशी असते, तुम्हीच या. या रविवारी तुम्हाला जमणार नाही? हरकत नाही. ती पुढच्याही रविवारी चालतच जाणार आहे.