कातळची नवी दिशा

कातळ या रॉक बँडचं संगीत फक्त आग्नेयेला ऐकू जात असे, म्हणून सदानंद तोडकर गावाच्या आग्नेयेला राहत होते. आधी ते उत्तरेला ऐकू जायचं, तेव्हा तोडकर उत्तरेला होते. बाकीच्या दिशांना बँड वाजवताना दिसायचा, घामाघूम झालेलाही दिसायचा, पण आवाज पोचायचा नाही. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

तोडकर कॉलेजात असल्यापासून कातळच्या नादी लागले होते. आता निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी सकाळी बँडचा सराव सुरू झाला की अंगणात खुर्ची टाकून मान हलवत बसत. अशा माणसाने एक दिवस पेपरात वाचलं की कातळ आपल्या संगीताची दिशा बदलणार असून हरकती व सूचनांसाठी नगरपालिकेत सुनावणी आहे. त्यांनी पेपर तडक स्वयंपाकघरात नेऊन बातमी मोठ्याने वाचून दाखवली.

बायको नलिनीबाई चहा गाळत होत्या. "कुठंही जाऊ देत ते," त्या म्हणाल्या. "मी या घरातून हलायची नाही. एकदा हलले तेवढं पुरे. तुम्हाला जायचं तर जा, डबा पाठवीन."

बाई बोलल्या म्हणजे बोलल्या. कातळ की नलिनी, हा प्रश्न तोडकरांनी सगळ्या संसारात शिताफीने टाळला होता. आता तो टळण्यासारखा नव्हता, आणि त्यांना मनापासून भीती वाटली.

सुनावणी दिशा अधिकारी कुंभोजकर मॅडमपुढे झाली. पश्चिमेच्या लोकांना एकदा तरी कातळ ऐकायचा होता. दक्षिणेला दवाखाना असल्यामुळे तिकडच्यांना तो मुळीच नको होता. मग तोडकर उभे राहिले.

"माझा बदलाला विरोध नाही. वाटल्यास ड्रम पूर्वेला न्या. पण गिटार आहे तिथंच राहू द्या, एवढीच जुन्या चाहत्याची अपेक्षा आहे."

"ड्रम आणि गिटार वेगळ्या दिशांना देता येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "त्याला बँड फुटणं म्हणतात. ते खातं वरच्या मजल्यावर आहे."

तेवढ्यात बँडचा गायक बॉबी शिकलगार उठला. उरलेसुरले केस त्याने मागे बांधले होते. "मॅडम, आमचं ठरलंय. इतकी वर्षं आडवं वाजवलं. आता जरा खोलात जायचं म्हणतोय."

"खोलात म्हणजे?"

"खाली."

मॅडमनी नियम पाहिला. दिशा दहा आहेत, आणि खाली ही त्यांतलीच एक. तिच्याबद्दल कोणाचीच हरकत नव्हती. मंजुरी तिथल्या तिथे मिळाली.

सभागृहात पश्चिमेच्या लोकांची तोंडं पडली. तोडकर मात्र जवळजवळ पळतच घरी आले. खाली म्हणजे प्रत्येकाच्या घराखाली, तेव्हा घर सोडायचा प्रश्नच मिटला होता. आठवड्याभरात त्यांनी विहीर खणणारे बोलावले आणि मोरीच्या मागे खड्डा घेतला. मुरूम लागला तिथे गिटार ऐकू यायला लागली. तोडकरांनी खुर्ची खाली सोडायला लावली.

नलिनीबाईंनी बादलीतून चहा सोडला आणि काठावर बसून वाकून पाहिलं. नवऱ्याचं एवढं काय असतं त्यात, हे त्यांना आज खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कसं आहे हो?"

खालून आधी चहाचा भुरका ऐकू आला.

"वाईट नाही," तोडकर म्हणाले. "पण पूर्वीची मजा राहिली नाही यांच्यात."

"मग या वर."

"थांब गं. अजून चार हात खाली जाऊन बघतो. पहार सोड."