गुलाबाच्या फळांची बरणी

एका रविवारी गुलाबाची वाळकी फुलं छाटून टाकावीत, एवढा साधा विचार माझ्या मनात आला. (माझे साधे विचारच मला नडतात.) कात्री घेऊन अंगणात गेलो, तर बायको मागोमाग आली.

"त्या झाडाला हात लावू नका."

सोळा वर्षांच्या संसारात तिने मला कामापासून कधी अडवलं नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

चार दिवसांनी झाडावरची बोरांएवढी लाल फळं गायब झाली आणि फडताळात, डब्यांच्या मागे, एक बरणी दिसू लागली. त्याच संध्याकाळी ती बहिणीला फोनवर हळूच सांगत होती, "ह्यांना कळायच्या आत संपवायचं बघ."

रात्री मी माझं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"आधी तू खा," मी जेवताना म्हणालो.

"आज फारच प्रेम उतू चाललंय," ती म्हणाली आणि निवांत जेवली. मी मात्र नुसतं पाणी प्यायलो, तेही नळाचं.

सकाळी बरणीतलं एक फळ खिशात घालून ऑफिस गाठलं. फायलींच्या आडोशाला ते ब्लेडने चिरलं. आत बिया आणि बारीक पांढरी लव. पुरावा नीट तपासावा म्हणून ती बोटांनी चोळली, मग विचार करताना मान खाजवली. पाच मिनिटांत मान, कान, पाठ, सगळीकडे आग.

"विषबाधा दिसतेय," हेडक्लार्क म्हणाले आणि स्वतःची खुर्ची लांब सरकवली.

डॉक्टरांकडे पोचलो. त्यांनी फोन केल्यावर बायकोही आली. उरलेलं अर्धं फळ मी टेबलावर ठेवलं.

"गुलाबाचं फळ आहे हे," डॉक्टर म्हणाले. "संत्र्यापेक्षा जास्त सी व्हिटॅमिन. सांध्यांनाही बरं म्हणतात. फक्त आतली लव काढायची, ती खाजरी असते."

"मग संपवायचं कोणाला होतं?" मी बायकोला विचारलं.

"काम संपवायचं होतं. बाबांच्या गुडघ्यांसाठी पाक करतेय. तुम्हाला कळलं असतं तर चाखता चाखता बरणी रिकामी झाली असती."

डॉक्टरांनी मला मलम दिलं आणि तिच्याकडून पाकाची कृती लिहून घेतली.

घरी आल्यावर तिने फळांचं ताट आणि एक चमचा माझ्यापुढे ठेवला.

"लव तुम्हीच काढा," ती म्हणाली. "तुम्हाला आधीच खाज सुटलीय, दुसऱ्या कोणाला कशाला?"