सुकाभाऊचे लंगडे पेशंट

सोमवारी सकाळी सुकाभाऊ वारला. दुपारी त्याला नेले. संध्याकाळी त्याच्या कोंबड्या ओरडू लागल्या, तेव्हा दाणे कोण टाकणार हा प्रश्न निघाला.

सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या लाइनीत माझी आणि त्याची खोली एका भिंतीची. दिवसा तो पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवी, आणि उरलेला वेळ मागच्या परसात कोंबड्यांचा दवाखाना चालवी. धडधाकट कोंबडीत त्याला रसच नसे. कुत्र्याने धरलेली, सायकलखाली आलेली, आंधळी, कोणी उकिरड्यावर टाकून दिलेली कोंबडी दिसली की याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा होई. मिलमधून छापील साड्यांच्या चिंध्या आणून तो त्यांना पट्ट्या बांधी. लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या त्या लंगड्या बाया माझ्या दारात घाण करून जात. तक्रार केली की हळद-तेलाचे बोट लुंगीला पुसत म्हणे, "पडी जाई आराम, मास्तर." आराम कोणाला, हे तो कधी सांगत नसे.

अंडे अडकलेल्या कोंबडीला कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवून तो तिच्याशी अहिराणीत बोलत राही. स्वतःच्या बायकोशी इतके बोलताना मी त्याला ऐकले नाही. प्लेगच्या वेळी निम्मे उधना गाड्यांना लटकून खानदेशात पळाले. हा शहाणा मागे राहिला, कारण मान मुरडलेल्या एका कोंबडीला ड्रॉपरने पाणी पाजायचे होते. जिजाबाई, त्याची बायको, त्याला शिव्या घालत त्याच्याबरोबर राहिली.

पण सगळ्यांत मोठे सोंग नवसाच्या कोंबड्याचे. सुकाभाऊला कावीळ झाली, तेव्हा जिजाबाईने गावच्या देवीला कोंबडा कबूल केला आणि परसातल्या एका तांबड्या कोंबड्याला देवीच्या नावाने कुंकू लावले. असा नाव घेतलेला कोंबडा बदलता येत नाही, आणि अधू जनावर देवीला चालत नाही. सुकाभाऊची कावीळ उतरली. आषाढात त्याचा थोरला भाऊ नामदेवदादा पिशवी घेऊन गावाहून कोंबडा न्यायला आला, तर कोंबड्याच्या उजव्या पायाला फुलाफुलांची पट्टी.

"पाय बरा व्हवू दे, दादा," सुकाभाऊ म्हणाला. "लंगडा दिधा तर देवी कोपी जाई."

पुढच्या आषाढात तेच. त्याच्या पुढच्याही. एरवी हा कोंबडा माझ्या पत्र्यावर चढून पहाटे माझी झोप मोडी. नामदेवदादाची पिशवी कोपऱ्यावर दिसली की आजारी पडे.

"तुझा हा लंगडा काल माझ्या पत्र्यावर उडून बसला होता," मी एकदा भिंतीवरून म्हटले.

"तुम्ही पुस्तक वाचा, मास्तर." मग जवळ येऊन, आवाज उतरवून, "कावीळ माले व्हयनी. मान त्यानी का बरं कापानी?"

देवीपुढे वकिली करायला हा मिलकामगार निघाला होता. तेवढ्यात आतून जिजाबाई कडाडली, "नवस बाकी ऱ्हायना तं देवी मानूस लई जाई! कोंबडाना जीव प्यारा, मना कुंकूना नही!"

सुकाभाऊ पट्टी घट्ट करीत राहिला. बायको भीतीने झिजते आहे आणि हा कोंबड्याची नखे न्याहाळतो आहे. असा नवरा.

मग त्या सोमवारी छातीत कळ आली आणि तो गेला.

दहाव्याला नामदेवदादा आला. विधी आटोपून सगळे ओट्यावर बसले होते. तो रडत होता आणि रागातही होता.

"सांगेल व्हतं ना, जिजा, नवस फेडा म्हणून? देवीनं शेवटी भाऊच लिधा मना. आते तरी दे तो कोंबडा."

बसलेल्या सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलणार होती. जिजाबाई उठून परसात गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा कोंबडा तिच्या काखेत होता.

"पाय बरा व्हयेल नही अजून," ती म्हणाली.

पट्टी नवी होती, घाईघाईने बांधलेली होती, आणि डाव्या पायाला होती.

नामदेवदादाने त्या पायाकडे पाहिले, मग तिच्या तोंडाकडे पाहिले. पिशवीची घडी घातली, खिशात ठेवली आणि डोळे पुसले.

"व्हवू दे मंग बरा," तो म्हणाला.

आता परसात एक आंधळी कोंबडी आहे, एक वाकड्या मानेची आहे, आणि तो कोंबडा आहे. दाणे जिजाबाई टाकते. पाणी मी ठेवतो.