बर्फाची हरकत

एका मंगळवारी बर्फाने नगरपालिकेत माझ्याविरुद्ध अर्ज दिला. सतरा वर्षांत मी त्याच्यावर बावन्न पत्रं लिहिली, आता पुरे, असं त्याचं म्हणणं. अर्जाखाली सही नव्हती, पण कागद ओला होता. इथं तेवढं चालतं.

मी स्वीडनच्या उत्तरेला एका गावात आचारी म्हणून आलो आणि राहिलो. शिक्षण नववी, तीही दोनदा. पण पत्रं लिहायची खोड. पत्र जातं विट्याला, माझा दोस्त हिंदुराव याला. काचबिंदूने त्याचे डोळे गेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी वामन न्हावी त्याची दाढी करता करता माझं पत्र मोठ्याने वाचतो. ते ऐकायला दाढी न उगवलेलेसुद्धा दुकानात येऊन बसतात.

अर्ज आला त्याच दिवशी हिंदुरावाचा फोन.

"विष्ण्या, परत बर्फच पाठवलास व्हय रं? वामन म्हनतो, हे गिऱ्हाईक मागल्या म्हैन्यात येऊन गेलंय."

"नवीन काय लिहू? सतरा वर्षं झाली, सगळं सवयीचं झालं."

"माझं डोळं गेल्यात. तुझं हायत न्हवं? आता बर्फ आला तर वाचनं बंद. मी आपला गप दाढी करून घरला जाईन."

म्हणजे दोन्हीकडून कोंडी. सुनावणीला गेलो. साहेब म्हणून गुनिला बाई होत्या. बर्फ बादलीतून आला होता, कारण हॉलमध्ये हीटर.

"जरा लवकर बोला," बाई त्याला म्हणाल्या.

"गेली तीन वर्षं," बर्फ म्हणाला, "हे गृहस्थ पडदासुद्धा न सरकवता माझ्यावर लिहितात. एकदा तर मी पडलोच नव्हतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरोबर आहे."

निकाल लागला. यापुढे ज्याच्यावर लिहायचं, त्याची आधी परवानगी घ्यायची. पोचपावती म्हणून बर्फाने थोडं पाणी दिलं.

मी गावभर फिरलो. तळं म्हणालं, पर्यटकांना विचारा. बस म्हणाली, "मी वेळेवर येते हे तुम्ही नऊदा लिहिलंत. एकदा तरी उशिरा यायचं मनात होतं, तुमच्या भिडेखातर जमलं नाही." शेजाऱ्याच्या कुत्र्याने तर वकीलच पुढे केला. तोही कुत्राच, पण शिकलेला.

थकून नगरपालिकेत परत आलो आणि परदेशी माणसांच्या राहण्याच्या परवान्यांच्या खिडकीसमोरच्या लाकडी बाकावर बसलो.

"माझ्यावर लिहा," बाक म्हणालं. "मला अजून कुणी विचारलंच नाही."

मी तासभर बसून त्याच्यावर दोन पानं लिहिली. पत्र विट्याला पोचलं. पहिल्या रविवारी दुकानातूनच फोन आला, मागे वस्तऱ्याचा आवाज.

"बाक झ्याक हाय," हिंदुराव म्हणाला. "पर त्याला इचार, तुझ्यावर बसून रडलं कोन? परवान्याच्या खिडकीम्होरं कोनतरी रडलंच आसंल."

सोमवारी जाऊन विचारलं. बाकाने बराच वेळ घेतला. लाकडाला आठवायला वेळ लागतो.

"पुष्कळजण रडले," ते म्हणालं. "पण आवाज न करता फक्त तुम्ही. पहिल्या वर्षी. तुमची आई गेली होती. कागद झाले नव्हते म्हणून खिडकीतल्या माणसाने सांगितलं, आत्ता देश सोडलात तर परत येता येणार नाही. तुम्ही दुपारभर इथं होतात. मग खिशातून कागद काढलात आणि काहीतरी लिहिलंत."

काय लिहिलं होतं ते मला ठाऊक होतं. विट्यात त्या दिवशी माझ्या जागी हिंदुरावाने आईला खांदा दिला, पाणीही त्यानेच दिलं. आणि मी त्याला पत्र लिहिलं होतं, की इथला बर्फ कापसासारखा असतो. त्यानेही कधी विचारलं नाही.

"यावर लिहू का?" मी म्हटलं.

"परवानगी मी कोण देणार?" बाक म्हणालं. "ते तुमचं आहे."

मग मी स्वतःचीच परवानगी घेतली. तिला दोन दिवस लागले. खातं लहान असलं तरी अधिकारी फार अडेलतट्टू.

बुधवारी त्याच बाकावर बसून पत्र लिहिलं. लिहून झाल्यावर बाकाला मोठ्याने वाचून दाखवलं, मराठीतच. खोलीत सातआठ माणसं नंबराची वाट बघत होती. दोन सोमालियाची, एक म्हातारी सीरियाची, बाकीची कुठली कुठली. मराठी एकालाही येत नव्हतं.

मधेच खिडकीतून एकेचाळीस नंबर पुकारला. चिठ्ठी म्हातारीच्या हातात होती. ती उठली नाही. खिडकीतल्या माणसाने पुन्हा पुकारलं नाही. त्याने लेखणी खाली ठेवली, आणि मी पान उलटलं.