दालन क्रमांक चौदा

माणसाची प्रगती तो घराबाहेर काय खातो यावरून मोजावी, असे माझे ठाम मत आहे. मी मामलेदार कचेरीत बारा वर्षे कारकून आहे, तेव्हा या मताला वजन आहे (ते मीच देतो).

म्हणून १९६१ साली देवगडला 'खाद्य व पेय प्रदर्शन' भरले, तेव्हा कुणकेश्वराहून आम्ही सहकुटुंब निघालो : मी, आई राधाबाई, पत्नी सुगंधा, दोन मुले आणि एक पितळी डबा. डब्यात घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. खाण्याच्या प्रदर्शनाला घरचा डबा नेणारे आपण एकटेच असू, हे मी परोपरीने सांगितले. पण परक्याच्या हातचे पोटाला बाधते, असे आईचे म्हणणे पडले. होडीत सुगंधाने एक तुकडा माझ्या हातावर ठेवून विचारले, कसे झालेत. लग्नाला अकरा वर्षे झाली, ती दर वेळी विचारते आणि मी 'बरे आहेत' असा शेरा देतो. चांगला शेरा दिला की माणसे बढती मागतात, असा कचेरीतला अनुभव आहे.

प्रदर्शनात एकूण तेवीस दालने होती. चहाची नऊ, बिस्किटांची पाच, वनस्पती तुपाची चार, सरबताची चार (रंग चार, चव एक). उरलेले चौदा क्रमांकाचे रिकामे होते, कारण त्याचा मालक बोटीतून उतरलाच नव्हता. आईने तिथल्या टेबलावर डबा उघडला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपण या कुटुंबातले नाही हे दाखवण्यासाठी मी नऊ दालनांत फुकटचा नऊ कप चहा प्यायलो.

परत येतो तो चौदासमोर रांग. लोक नमुना समजून घावणे खात होते, आणि दारी आलेल्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नसल्याने सुगंधा वाढत होती. रांगेतले एक गृहस्थ परीक्षक निघाले. तीन घावणे खाऊन त्यांनी दालनाला पहिला क्रमांक दिला आणि प्रमाणपत्रावर घालायला नाव विचारले. सुगंधाने पदर सारखा केला, सांगायला तोंडही उघडले. तेवढ्यात मी रांग मोडून पुढे झालो आणि माझे नाव लिहून दिले. माझे अक्षर चांगले आहे.

परतीच्या होडीत सुगंधा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "माका कागद नको. पण घावणे कोणी केल्यान, ता खंय तरी लिवलेला बरा."

मला खरोखर लाज वाटली. दिवसातली ही दुसरी लाज, पहिली भलत्याच कारणासाठी खर्च झाली होती. घरी पोचताच मी चूक दुरुस्त केली. प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूस सुगंधाचे नाव ठळक अक्षरांत लिहिले आणि ते चौकटीत बसवून ओटीवरच्या भिंतीला लावले.

कधी आलात तर जरूर पाहा. घावणे पुढे येतील आणि दाराआडून विचारणा होईल, कसे झालेत. काय सांगायचे ते आपल्याला शिकवायला नको. आज जेवून उठताना आपण घरी तोच शेरा देऊन आला आहात.