दोघांचं कुलूप

कडूबाईला कळा सुरू झाल्या आणि तिचा नवरा मुंजाजी घोडीच्या खोलीकडं पळाला. दाराला कुलूप होतं.

कुलूप किल्लीचं नव्हतं. वडील गेल्यावर एकुलत्या घोडीवरून मुंजाजी आणि धाकटा शहादेव यांची रोज भांडणं व्हायला लागली, म्हणून मामानं ते हैदराबादेहून आणलं होतं. त्याला उर्दू आकड्यांच्या चार चकत्या होत्या. दोन आकडे थोरल्यानं ठेवायचे, दोन धाकट्यानं, आणि आपले दुसऱ्याला सांगायचे नाहीत. फसवील त्याचा घोडीवरचा हक्क गेला, असं पंचांसमोर ठरलं होतं. विसरायला नको म्हणून दोघांनीही आकडे सोपे ठेवले होते.

"शहादेव कुठं हाय?" मागून येत आई मुक्ताबाईनं विचारलं.

"आत्ता रानातनंच आलो मी. न्हाई तिथं."

"मग तूच उघड. पायी जाऊन चौसाळ्याहून सुईण आणायची म्हणलं तर दिवस मावळंल."

"मला माझे दोनच आकडे ठावं हायत, आई."

हे खोटं होतं. शहादेवाच्या डोक्याला काय झेपेल याचा अंदाज घेत मुंजाजीनं मागं एका दुपारी एक आणि दोन लावून पाहिले होते. कुलूप मुकाट्यानं उघडलं. तेव्हापासून भाऊ गावात नसला की तो घोडीवरून बाजार करून येई आणि तिचा घाम पुसून ठेवी. आता आईदेखत कुलूप उघडलं तर हक्क गेलाच, वर पंचांपुढं मान खाली घालायची.

घरात कडूबाई कण्हली. मागच्या खेपेला सुईण उशिरा आली होती आणि मूल हाती लागलं नव्हतं.

"देवाचं नाव घेऊन फिरवून बघतो," तो पुटपुटला.

"फिरव की. बसलं तर बसलं."

त्यानं उगीच दोन-तीन चुकीचे आकडे लावले. आत कडूबाई पुन्हा कण्हली, तशी सोंग करायची ताकद संपली. एका दमात त्यानं चारही चकत्या जागेवर आणल्या आणि दार ढकललं.

खोली रिकामी होती.

मुंजाजी आईकडं वळला. "चोरी झाली आई. आता कसं?"

तेवढ्यात वेशीकडून टापा ऐकू आल्या. घोडीवर हजराबी सुईण बसली होती आणि लगाम धरून शहादेव पुढं पळत होता. सकाळी वहिनीचा चेहरा पाहूनच तो निघाला होता, आणि दादाला कळू नये म्हणून कुलूप लावून गेला होता.

उघडं दार पाहून तो थबकला. "कुलूप कुणी काढलं?"

"घोडी कुणी नेली?" मुंजाजीनं विचारलं.

"आधी मला उतरवा बाबा," हजराबी म्हणाली.

हजराबी आणि मुक्ताबाई घरात गेल्या, आणि दोघे भाऊ ओट्यावर बसले.

"दादा, तुझे आकडे लई सोपे हायत."

"तुझे बी."

आतून बाळाचं रडणं आलं. मुंजाजीनं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. शहादेवानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, पंचांना कळायच्या आत आकडे बदलून टाकू."

मुक्ताबाई हात पुसत बाहेर आली. "पोरगी झाली. दोघी बी सुखरूप हायत," ती म्हणाली. "अन् आकडे हायत तेच राहू द्या. ह्या वयात मला आता नवे पाठ होत न्हाईत."