वाटणीत न बसलेली कॅसेट

वरचं घर भाड्यानं देण्याआधी व्यंकोजीरावांनी माझी परीक्षा घेतली. काठोकाठ भरलेला कॉफीचा स्टीलचा लोटा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अक्का, हे घेऊन जिना चढा, परत खाली या. सांडायचं नाही." मी गेले, आले. त्यांनी लोट्यात डोकावून पाहिलं. "सरी, चालेल. घर तुमचं."

नवरा कुठे कामाला, घरात मासे शिजतात का, पाहुणे किती येतात, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. चामराजपेटेत असला घरमालक म्हणजे नवलच. मला वाटलं, माझ्या व्यक्तिमत्त्वाची छाप पडली. गोष्ट नव्वदीच्या दशकातली. मी पुण्याहून नुकती बंगळूरला आलेली, चाळिशीची, केस खांद्यापर्यंत कापलेली, आणि हे अख्खं शहर माझ्याकडून शुद्ध मराठी शिकायला खोळंबलंय अशा समजुतीत. आज माझी नात माझ्या मोबाइल वापरण्याकडे ज्या नजरेनं बघते ना, त्याच नजरेनं मी आता त्या बाईकडे बघते.

खरं कारण आठवड्याभरात कळलं. व्यंकोजीरावांना हमाल हवा होता.

खालच्या घराच्या बरोबर मधून एक भिंत गेली होती. अलीकडे व्यंकोजीराव, पलीकडे त्यांचे धाकटे भाऊ तुकोजीराव. घराणं तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून बंगळुरात आलेलं. भाऊ मात्र भांडले ते पाण्याची मोटर कुणी बंद करायची यावरून. तेव्हापासून बोलणं बंद. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. कारण विचारलं की हा त्याच्याकडे बोट दाखवायचा, तो याच्याकडे.

वाटणी त्यांच्या म्हाताऱ्या मामांनी केली. भांडी, कपाटं, नारळाचं झाड, सगळं वाटलं गेलं. उरली व्हिडिओ गेमची एक कॅसेट. हातातलं राज्य गेलेला एक राजपुत्र एकेक किल्ला परत जिंकत जातो, असा तो खेळ. दोघा भावांनी एकत्र असताना सुरू केलेला. कॅसेटच्या पोटात घड्याळात असतो तसला सेल असायचा, त्याच्या जोरावर राजपुत्र कुठवर पोचला ते तिच्या लक्षात राहायचं. मामांनी निवाडा दिला: एक किल्ला थोरल्यानं जिंकायचा, पुढचा धाकट्यानं. दोघांनी आपापली मशिनं घ्यायची, कॅसेट फिरती. पण एकमेकांच्या दारात पाऊल ठेवायचं नाही असं दोघांनीही ठरवलेलं, म्हणून ती न्यायची भाडेकरूनं. आधीच्या भाडेकरूनं ती जिन्यात पाडली होती. राजपुत्र वाचला, भाडेकरू गेला.

"बाजारात दुसरी मिळत नाही का?" मी विचारलं.

"मिळते की. त्यात आमचा राजपुत्र कुठे आहे?"

व्यंकोजीराव बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करायचे. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की साबणानं हात धुवायचे, शर्ट खुंटीला लावायचे आणि टीव्हीसमोर मांडी घालायचे. खेळांबद्दलची त्यांची मतं ठाम होती. "गाड्यांचा गेम? होसूर रोडनं रोज जाऊन येतो, घरी आणखी कशाला?" "मारामारीचा? त्याला मला भाऊ आहे." "चित्र स्वल्प कमी असलं तरी चालतं अक्का, उडी मापात पडली पाहिजे." खेळ चांगला की वाईट, याची त्यांची कसोटी एकच: मेल्यावर चूक आपली वाटली तर चांगला, मशिनची वाटली तर वाईट.

अव्हेन्यू रोडच्या फुटपाथवरून ते व्हिडिओ गेमच्या धंद्याची परदेशी मासिकं आणायचे. सहा-सहा महिने शिळी. पण बातमी त्यांच्यापुरती त्याच दिवसाची असायची.

"अक्का, जपानात मोठी गडबड आहे."

मी घाबरून जिन्यात आले. "भूकंप का?"

"गेमच्या पॅडवर बटणं वाढवली. सहा केली. पलीकडे कळवा."

मी पलीकडे गेले. तुकोजीराव दाढी करत होते. मी म्हटलं, "तुमचे बंधू म्हणतात, बटणं सहा झाली."

"त्याला सांगा, अंगठे अजून दोनच आहेत."

मी परत आले आणि सांगितलं. व्यंकोजीराव खूश. "बरोबर बोलला," म्हणाले, "पण त्याला सांगू नका बरोबर म्हणालो म्हणून."

मी त्या काळी मराठी मंडळात 'कुटुंब आणि संवाद' या विषयावर व्याख्यानं देत होते. माझ्याच जिन्यात एवढा संवाद चाललेला, तो काही मला दिसला नाही. मला दिसले ते दोन हट्टी बाप्ये आणि एक खेळणं.

आणि मग एकच किल्ला उरला. आत सात तोंडांचा राक्षस, पाळी व्यंकोजीरावांची. त्यांनी खेळायचंच बंद केलं. राजपुत्र रोज दाराशी उभा, आणि हे मासिकं चाळत बसलेले. मला राहवलं नाही. मी व्याख्यानाच्या आवाजात म्हटलं, "मारून टाका तो राक्षस, आणि भावाकडे जाऊन मनमोकळं बोला."

कारखान्यात नापास झालेल्या तुकड्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "राक्षस मेला की काय होतं ठाऊक आहे? गेम करणाऱ्यांची नावं येतात. मग पडदा काळा. मग तुम्ही कॅसेट कशाला न्याल पलीकडे?"

मी माझं शुद्ध मराठी गुंडाळलं आणि त्यांच्यापुढचं मासिक उचलून पाहिलं.

मासिकांत ते काय शोधत होते, ते तेव्हा कळलं. खेळाचा दुसरा भाग येणार का, एवढीच बातमी त्यांना हवी होती. तोवर त्यांनी कॅसेट तशीच पलीकडे पाठवली. "सांगा, अंगठा दुखतोय. त्यानंच मारावं." चार दिवसांनी ती परत आली. राक्षस जिवंत. तुकोजीरावांचा निरोप: "पाळी त्याची आहे. मामांचा शब्द मी मोडणार नाही." आणखी कितीदा तरी ती गेली आणि आली. दोघंही राक्षसाला जपत होते.

शेवटी बातमी आली. व्यंकोजीराव जिन्यातच वाचायला लागले. "दुसरा भाग येतोय." चेहरा उजळला, खालची ओळ वाचली आणि विझला. "सीडीवर येतोय. कॅसेट नाहीच. नवं मशिन. राजपुत्र त्या मशिनच्या पोटात राहणार, पाठवता येणार नाही." मासिक मिटलं.

"सांगू पलीकडे?"

"नको."

असली बातमी पोटात ठेवणं मला तेव्हा जमत नव्हतं, आजही जमत नाही. मी सांगितली. तुकोजीराव फक्त "सरी" म्हणाले.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी तुकोजीराव रिक्षातून मांडीवर नव्या मशिनचं खोकं घेऊन उतरले. मला म्हणाले, "अक्का, त्याला सांगा..." आणि थांबले. "नको, राहू द्या." खोकं आत नेलं, पण दार लावलं नाही. संध्याकाळभर ते उघडंच होतं. अलीकडे व्यंकोजीराव खिडकीपाशी मासिकाचं एकच पान वाचत बसले होते.

रविवारी सकाळी मला जिन्यात साबणाचा वास आला. हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून ते कॅसेट घेऊन निघाले होते. मी सवयीनं हात पुढे केला.

"राहू द्या अक्का. मी नेतो."

मी अर्थातच मधल्या भिंतीला कान लावला. आधी नुसती बटणांची टकटक. ती पुष्कळ वेळ चालली. मग एक संथ धून वाजली. नावं येत असावीत. ती संपली.

मग व्यंकोजीरावांचा आवाज आला. "तुका, ती सीडी कडेनं धर. बोटं लावू नकोस मध्ये."